हिरव्या उजेडाचा डाग

गुरुवारी दुपारी गोदावरी कानिटकर प्रयोगशाळेतून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या फळ्यावरची परीक्षेची सूचना वाचायला उभी राहिली. अक्षरांवर मधोमध धूर बसल्यासारखं काहीतरी होतं. तिनं डोळे चोळले. मग उजवा डोळा तळहातानं झाकला, तर सगळं स्वच्छ दिसलं. मग डावा झाकला. ज्या अक्षराकडे बघावं तेच अक्षर नाहीसं होत होतं. त्या जागी करडा, वाटोळा डाग. नजर पुढच्या अक्षरावर नेली की डाग पुढच्या अक्षरावर.

ती स्टाफरूममध्ये जाऊन बसली. चहा आला तो गार झाला. तिच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी एका डोळ्याला डाग, मग डोकेदुखी, मग मिरजेच्या दवाखान्यात डोक्यातली गाठ निघाली आणि सहा महिन्यांत मावशी गेली. गोदावरी तेव्हा शाळेत होती. आता ती छत्तीस वर्षांची होती, सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, एकटी राहत होती. तिनं कुणालाही काही सांगितलं नाही.

हे १९७६ सालच्या जानेवारीतलं. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं ती आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गोपाळकृष्ण ताम्हनकर एका कामाच्या मागे लागले होते. लेसर म्हणजे त्या वेळी हातभर लांबीची काचेची नळी किंवा माणकाची जाड कांडी. ताम्हनकर सरांना नखाएवढा लेसर करायचा होता, आणि तोही सेंद्रिय स्फटिकाचा. डांबरापासून अँथ्रासिन नावाचा पदार्थ निघतो, कपाटातल्या डांबरगोळीच्या जातीतलाच. तो पुन्हापुन्हा वितळवून, गाळून, अतिशय शुद्ध करायचा, त्यात दुसऱ्या एका द्रव्याचा चिमूटभराहूनही कमी अंश मिसळायचा आणि काचेच्या बंद नळीत अगदी सावकाश थंड करायचा. हे गोदावरीचं काम. आठवडाभर भट्टीपाशी जपल्यावर नळीतून फिकट पिवळा खडा निघे. त्याचे अभ्रकासारखे पापुद्रे सुटत. त्यातला एक पापुद्रा सर पितळी चिमट्यात बसवत आणि त्यावर अतिनील प्रकाशाचे झोत सोडत. पापुद्रा हिरवट चमकायचा.

नुसतं चमकण्याचं कौतुक नव्हतं. साधा उजेड सगळीकडे पसरतो. लेसरचा उजेड एका रेषेत निघतो आणि लांब गेला तरी फारसा पसरत नाही. पापुद्र्याच्या दोन कडा एकमेकींसमोर आरशासारख्या गुळगुळीत सुटल्या तर उजेड त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालून एका कडेतून रेषेत बाहेर पडेल, असा सरांचा हिशेब होता. अजून तसं झालेलं दिसलं नव्हतं.

झोत सोडणारं यंत्र सरांनी स्वतः बनवलं होतं. एका दुकानाच्या निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर, अॅल्युमिनियमचे पत्रे, मध्ये प्लास्टिक, आणि नायट्रोजनचं सिलिंडर. पत्र्यांवर पंधरा-वीस हजार व्होल्ट साठत, दर दोन सेकंदांनी ठिणगी उडे आणि नायट्रोजनमधून अतिनील झोत सुटे. ठक्. ठक्. एकदा पाल छतावरून पत्र्यांवर पडली. मोठा आवाज झाला, आणि पालीच्या जागी कोळशाची काडी राहिली. तेव्हापासून गोदावरी त्या टेबलाच्या जवळ जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जात असे. यंत्र बंद केल्यावरही पत्र्यांत वीज राहते, म्हणून आधी लाकडी मुठीची तांब्याची सळई लावून ती जमिनीत उतरवायची, मगच हात घालायचा. दारावरचा लाल दिवा लागला असताना कुणीही दार वाजवायचं नाही, कारण आत कुणी दचकलं तर कोपर कुठे लागेल सांगता येत नाही. हे दोन्ही नियम गोदावरीनंच केले होते.

शुक्रवारीही डाग होता. सांगलीत कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी संध्याकाळपर्यंत कॉलेजात कळलं असतं. साताऱ्याला डॉक्टर आगाशे होते, वडिलांचे मित्र.

"मी उद्या साताऱ्याला जाऊन येते," ती सरांना म्हणाली. "चुलतभावाचा साखरपुडा आहे."

"जा की. तुमचा परवाचा खडा फार छान निघालाय. मी आणि नानासो उद्या तो लावून बघतो." नानासो म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई.

"सोमवारपर्यंत थांबलात तर?"

"कशासाठी?" सर चटकन म्हणाले. आताशा ते असंच तोडून बोलायचे. पूर्वी आठवडा वाया गेला तरी हसणारा माणूस, पण दिवाळीपासून त्यांना एकेक दिवस जड झाला होता. "थांबायला वेळ कुणाकडे आहे, गोदावरीबाई?"

डागाचा आणि यंत्राचा संबंध असेल असं तिच्या मनातही नव्हतं. अतिनील झोत पापुद्र्यावर वरून पडायचा. त्या बाजूला कुणी डोळा नेत नसे. बाजूनं, छोट्या पितळी भिंगातून कडेकडे बघायचं, तर तिथला हिरवा उजेड काजव्याहून फिका. त्याला कोण घाबरणार?

साताऱ्यात डॉक्टर आगाशे यांनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं आणि अंधाऱ्या खोलीत नेलं. त्यांचा श्वास तिच्या गालाला लागत होता. मावशी आठवू नये म्हणून ती मनात पाढे म्हणत होती.

"गोदू," शेवटी ते म्हणाले, "सूर्यग्रहण बघितलंस का उघड्या डोळ्यांनी?"

"नाही, काका."

"वेल्डिंग? कुठे वेल्डिंग चाललेलं बघत उभी राहिलीस?"

"नाही. काका, डोक्यात काही..."

"डोक्याबिक्यात काही नाही. डोळ्यामागची नस अगदी ठणठणीत आहे." ते मागे सरकले. "भाजलंय. डोळ्याच्या आतला पडदा भाजलाय. पण ग्रहणाचा डाग सहसा दोन्ही डोळ्यांत सापडतो आणि एवढा रेखीव नसतो. हा सुई टोचल्यासारखा आहे. बाहेरचा उजेड एवढ्याशा जागेत गोळा व्हायचा तर तो अगदी सरळ रेषेत यायला हवा. तसला दिवा मला तरी माहीत नाही."

गोदावरी खुर्चीत ताठ बसली. गाठ नव्हती. ती मरणार नव्हती. हे कळून सुटकेचा श्वास बाहेर पडतोय तोच पुढचं कळलं. सरळ रेषेत. गुरुवारी सकाळी ती भिंगाला डोळा लावून बसली होती. एक ठिणगी उडाली तेव्हा क्षणभर सगळं हिरवं झालं होतं आणि तिला वाटलं होतं, आपण नीट बघत नाही आहोत. तो लेसर होता. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो झाला होता, आणि तिच्या डोळ्यात शिरला होता.

आणि आज तिकडे चांगला खडा लावणार होते. आपला चष्मा भिंगाला अडतो असं सांगून गेले काही आठवडे सर बहुतेक वेळा नानासोलाच भिंगाशी बसवत. नानासो सूर्यवंशी पलूसकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. घरी बायको राहीबाई आणि तीन पोरी. 'बघा नानासो, कुठनं जास्त चमकतंय?' असं म्हटलं की तो निमूटपणे वाकून बघत राहायचा.

"काका, फोन!" ती उठली तशी खुर्ची मागे पडली. "सांगलीला अर्जंट फोन लावायचाय."

ट्रंक कॉल लागायला अर्धा तास गेला. पलीकडे कॉलेजचा क्लार्क होता.

"ताम्हनकर सरांना बोलवा. लगेच."

"लाल दिवा लागलाय, बाई. तुमचाच नियम आहे ना?"

"मग दार वाजवा, जोरात..." ती थांबली. तिच्या डोळ्यांपुढे वाकलेला नानासो आला. त्याचं कोपर पत्र्यांपासून वीतभर. धाडकन दार वाजतं, नानासो दचकतो. तिला ती कोळशाची काडी आठवली. "नको! दार वाजवू नका. ऐका, व्हरांड्याच्या टोकाला मेन स्विच आहे, तो..."

खरखर झाली आणि लाइन गेली. पुन्हा लागेना.

तिनं मिळाली ती एसटी पकडली. औषधानं बाहुल्या उघड्या राहिल्या होत्या. जानेवारीचं कोवळं ऊनही डोळ्यांत सुयांसारखं घुसत होतं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या लीलाबाई नावाच्या बाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आवं बाई, डोळं आल्यात व्हय तुमचं?"

"नाही हो. औषध घातलंय."

"तेच की." लीलाबाईनं गाठोडं उचललं आणि ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

गोदावरीनं रुमाल डोळ्यांवर धरला. काही दिसेना, तेव्हा मनातलंच जास्त दिसू लागलं. आपल्याला डावा डोळा तरी आहे. नानासोनं दोन्ही डोळे आळीपाळीनं लावले तर? तो कंटाळला की डोळा बदलायचा, हे तिनं पाहिलं होतं. शुक्रवारी सरांना खरं सांगितलं असतं तर, हा विचार येऊन गेला. पण काय सांगणार होती? तिलाच कुठे ठाऊक होतं?

कराड गेलं. इस्लामपूरच्या अलीकडे गाडी थांबली ती हलेना. तिनं खिडकीबाहेर डोकं काढलं. पांढऱ्या झगझगाटात नुसत्या हिरव्या राशी दिसत होत्या, लांबवर.

"कंडक्टर, काय झालं?"

"कारखान्याच्या गाड्या हायत, बाई. एक ऊसगाडी कलांडली."

"मला फार घाई आहे हो. माणसाच्या जिवाचं काम आहे."

"आवं, मग बैलास्नी काय उडवून जाऊ?" कंडक्टर म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "कोन आजारी हाय का?"

उत्तराची वाट न बघता कंडक्टर खाली उतरला आणि गाडीवानांवर ओरडत ओरडत पुढं गेला. थोड्या वेळानं चार माणसांनी मोळ्या बाजूला ओढल्या आणि गाडी कडेच्या मुरुमावरून एका अंगाला झुकत पार झाली.

सांगलीत पोचेपर्यंत दुपार कलली होती. टांगा करून ती कॉलेजच्या फाटकाशी उतरली. शनिवार असल्यानं सामसूम होती, ऑफिसला कुलूप. ती पळत जिना चढली आणि व्हरांड्यात येऊन थबकली. लाल दिवा लागलेला होता. दाराआडून आवाज येत होता.

ठक्. ठक्.

आतून सरांचं बोलणं ऐकू आलं. "भिंग जरा डावीकडे घ्या, नानासो. मग बघा."

तिला किंचाळावंसं वाटलं. तिनं तोंडावर हात दाबला, चपला काढल्या आणि भिंतीला धरून व्हरांड्याच्या टोकाशी गेली. मेन स्विचची पेटी उघडली. दांडा घट्ट बसला होता. दोन्ही हातांनी लोंबकळली तेव्हा तो खटकन खाली आला. लाल दिवा विझला. ठकठक थांबली.

"लाइट गेली वाटतं," आतून सर म्हणाले. "तोवर खडा काढून घेतो मी."

पत्र्यांत वीज होती. ठिणगीच्या आधी साठलेली सगळी तिथंच होती, आणि सर हात घालायला निघाले होते. हे तिनंच केलं होतं. आता दचकण्याबिचकण्याचा विचार करायला वेळ नव्हता.

"हात लावू नका!" ती ओरडत दाराकडे धावली. "सर, सळई! आधी सळई!"

आत फटाका फुटावा तसा आवाज झाला. मग काहीच नाही.

ती दारापुढे खाली बसली. तिला दार वाजवायचं होतं आणि हात उचलवत नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कडी निघाली. दारात नानासो उभा होता, हातात तांब्याची सळई.

"लावली बाई सळई. त्योच आवाज." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुमी अशा का बसलायसा? अनवानी?"

त्याच्यामागे सर आले. "गोदावरीबाई? तुम्ही तर साताऱ्याला..."

"नानासो, तुम्ही भिंगातून बघितलं का? नवा खडा लावल्यावर?"

"सकाळपास्नं दोन पापुद्रं बघितलं. काय न्हाई दिसलं. ह्यो तिसरा आत्ता बसीवला, मी वाकाय लागलो न् लाइटच गेली."

तिथंच व्हरांड्यात बसून तिनं सगळं सांगितलं. साखरपुड्याचं खोटं, डाग, डॉक्टर काय म्हणाले ते. मग नानासोला भिंतीशी उभं करून एक डोळा झाकायला लावला आणि समोर तिच्या पर्समधली रेघांची वही धरली. नानासोच म्हणाला, "बाई, वही हालतीया." त्यानं स्वतः वही धरली. आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या. सगळ्या रेघा सरळ होत्या, कुठे तुटलेल्या नव्हत्या. गोदावरीला रडू आलं.

"सर, आता तुम्ही."

सर हलले नाहीत.

"सर?"

"मला बघायची गरज नाही," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. "डाव्या डोळ्यात आहे. दिवाळीपासून."

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"माझे वडील पन्नाशीत आंधळे झाले," सर म्हणाले. "साखरेनं. आधी एक डाग, मग पाच, मग काहीच नाही. शेवटची बारा वर्षं मी त्यांना हाताला धरून न्यायचो. मला वाटलं, आपलीही पाळी आली. डॉक्टरकडे गेलो नाही. त्यांनी ते शब्द उच्चारले असते तर मी तिथंच कोसळलो असतो. घरी सांगितलं नाही. म्हटलं, दिसतंय तोवर हे एवढं एक पुरं करून टाकू. म्हणून तुमच्या मागे घाई लावली. नानासोला भिंगाशी बसवलं, माझा डोळा आता कामाचा नाही म्हणून." ते नानासोकडे वळले, पण त्यांना त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. "तुमच्यावर काय आणणार होतो मी."

"तुमास्नी तरी कुठं म्हाईत हुतं, सायेब," नानासो म्हणाला. पण तो बोलता बोलता दाराजवळून दोन पावलं मागे सरकला होता, आणि ते तिघांनाही दिसलं.

"दिवाळीत कुठला खडा होता?" गोदावरीनं विचारलं.

सरांनी मान वर केली. दोघांनाही एकदमच समजलं. दिवाळीतही लेसर झाला होता. दोन माणसांच्या डोळ्यांत तो दोनदा उमटला होता, आणि दोघांनीही घाबरून तो लपवून ठेवला होता.

"कागद लावून बघू," सर अगदी हळू म्हणाले. "भिंग नको. डोळ्याच्या जागी पांढरा पुठ्ठा."

तिला नको होतं. ते यंत्र मोडून नदीत टाकावं असं वाटत होतं. पण आजचा दिवस तसाच सोडला तर आपण या खोलीत पुन्हा कधी पाऊल ठेवणार नाही, हेही तिला कळत होतं. तिनं मान हलवली. नानासोनं स्विच लावायला जाण्याआधी सळई पुन्हा एकदा पत्र्यांना टेकवली, गरज नसताना. तिघंही पापुद्र्याच्या मागच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. खिडक्यांवर काळे पडदे ओढले होते.

ठक्.

काही नाही. सरांनी लांब काठीनं चिमटा केसभर वळवला.

ठक्.

"मला धड दिसत नाही," गोदावरी म्हणाली. "नानासो, पुठ्ठ्यावर काय आहे?"

"ठिपका हाय. हिरवा. बाजरीच्या दाण्याएवढा."

सरांनी यंत्र थांबवलं, पुठ्ठा उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटाला टेकवला. पुन्हा ठक्.

"आता?"

"हाय की. हरभऱ्याएवढा झाला, पन हाय." नानासोचा आवाज दबला. "ह्योच व्हय, सायेब? ह्योच तुमचा लेसर?"

"हाच," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. गोदावरीला आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात एकच होतं, तो दाणा जिथं पडलाय तिथं गुरुवारी माझा डोळा होता. तिनं यंत्र बंद करायला सांगितलं.

सोमवारी ती स्वतः सरांना साताऱ्याला घेऊन गेली. डॉक्टर आगाशे यांनी त्यांचा डोळा तपासला, लघवीतली साखर बघितली आणि सांगितलं की हा डाग भाजल्याचा आहे, वाढणार नाही, जाणारही नाही, आणि साखरेचा आजार मुळीच नाही.

"म्हणजे मी आंधळा होणार नाही?"

"नाही."

"पुन्हा एकदा सांगा," सर म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. सर दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. येणारे पेशंट त्यांना वळसा घालून आत जात होते.

नानासोनं महिन्याभरात ग्रंथालयात बदली मागून घेतली. राहीबाईनं त्याला पोरींची शपथ घातली होती. जाताना त्यानं सळईची मूठ नव्यानं तासून, तेल लावून ठेवली. यंत्राभोवती लाकडी पेटी आली आणि भिंग कपाटात बंद झालं. पापुद्रे फार टिकत नसत. काही शे ठिणग्यांनंतर ते करपून जात आणि गोदावरीला पुन्हा भट्टीपाशी बसावं लागे. पुढं कळलं की परदेशात कुणीतरी हे आधीच करून दाखवलं होतं. सर त्या दिवशी थोडे हिरमुसले, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

गोदावरी निवृत्त होईपर्यंत खडे वाढवत राहिली. भीती गेली नाही. ती बरोबर घेऊनच ती काम करायची. विद्यार्थी नवीन आले की पहिल्याच दिवशी ती त्यांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावी, आणि दर शनिवारी पुन्हा. काही मुलं हसत. मागे वळून ती त्यांना एवढंच म्हणायची, "काहीही दिसलं, किंवा दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी सांगायचं. मला सांगायची भीती वाटली तर दुसऱ्या कुणाला तरी."